मुलाचे गुपित कोणाच्या मालकीचे?



दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. शब्बाथचे जेवण आटोपले होते, भांडी तशीच ओट्यावर पडली होती आणि माझी मुलगी माझ्यावर रागावली होती. तिचा दहा वर्षांचा मुलगा, म्हणजे माझा नातू, शाळेतील समुपदेशिकेकडे आठवड्यातून एकदा जाऊन बसतो. या बाईंना आपण सारे येथे 'योएत्सेत' म्हणूनच ओळखतो. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर आपल्या कितीतरी घरांतील मुलांची झोप उडाली, त्यांपैकी हा एक. आधी एकटा झोपेना, मग शाळेत जाईना. आता पुष्कळ सावरला आहे. परंतु त्या खोलीत तो काय बोलतो, हे घरी कोणालाच सांगत नाही.

मुलीने समुपदेशिकेला फोन करून विचारले. बाईंनी उत्तर दिले, "धोक्याचे काही नाही, तसे असते तर मी स्वतःच तुम्हाला बोलावले असते. बाकीचे त्याला विचारून सांगते."

झाले! "आई, मी त्याची आई आहे," मुलगी मला म्हणाली, "माझ्या मुलाच्या मनात काय आहे हे कळायला मला आता त्याची परवानगी लागणार? दहा वर्षांच्या पोराची?" मी बाईंची बाजू घेऊ लागले तशी ती म्हणाली, "तू शेवटी मास्तरीणच ना. तुम्ही सगळ्या एक."

मी वाद वाढवला नाही. पण तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. शाळेने मुलाच्या पुस्तकाबरोबर त्याच्या मनाचीही काळजी घ्यावी, हे आता सर्वांना पटलेले आहे. निदान सभेत तरी सारे तसेच बोलतात. परंतु काळजी घ्यायची म्हणजे आधी मुलाने मन उघडावे लागते. आणि ते उघडले की त्यातून जे निघाले ते कोणाचे? मुलाचे, आईबापांचे, की शाळेचे? मी ३५ वर्षे, १९७६ ते २०११, नेगेवमधील एका गावात शिकवले आणि या प्रश्नाचे उत्तर दोनदा चुकले. एकदा बोलून, एकदा गप्प राहून.

आम्ही १९६३ साली आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आपला समाज खरा यहुदी की नाही, आपल्याशी लग्ने लावावीत की नाहीत, यावर धर्मगुरूंचा वाद चालू होता तो हा काळ. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे यरुशलायममध्ये ठाण मांडून बसली आणि ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपल्या बाजूने ठराव केला, हा इतिहास आपणास ठाऊक आहे. मोठ्यांचे वाद मुलांच्या कानांवर पडतात आणि मग ते मधल्या सुट्टीत बाहेर येतात. मलाही विचारले जाई, "तू खरी आहेस का?" मी घरी बोलले नाही. बाबा आधीच त्या प्रकाराने पेटलेले होते, त्यात माझी भर कशाला?

आमच्या वर्गशिक्षिका रुमानियाहून आलेल्या होत्या. त्यांचे हिब्रूही माझ्यासारखेच मोडके होते. एके दिवशी त्यांनी मला एक पत्र्याचा डबा दिला आणि मधल्या सुट्टीत वर्गाबाहेरील कुंड्यांना पाणी घालण्याचे काम सांगितले. कुंड्या चारच होत्या. त्यांना पाणी घालायला पूर्ण सुट्टी लागत नाही हे त्यांनाही कळत होते आणि मलाही. त्यांनी मला काही विचारले नाही, आणि माझ्या वडिलांनाही काही सांगितले नाही. त्यांनी बरोबर केले का? मला तेव्हा बरे वाटले, एवढे खरे. पण त्या मुलांना कोणीतरी रागे भरायला हवे होते, असेही आज वाटते. असो.

आता माझी गोष्ट. ही लिहिण्यापूर्वी मी त्या विद्यार्थिनीला फोन केला. ती आता पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. "लिहा बाई," ती म्हणाली, "पण आमचे गाव आणि आईचे नाव नको." म्हणून दोन्ही नाहीत.

१९८४ साल. महागाई वर्षाला चारशे टक्क्यांच्या पुढे गेली होती. आज पाहिलेली किंमत पुढच्या आठवड्यात राहत नव्हती. कापडाच्या कारखान्यातून माणसे कमी केली जात होती. माझ्या वर्गात आपल्याच समाजातील एक मुलगी होती, बारा वर्षांची, हुशार. हळूहळू तिचे लक्ष उडाले. मी तिला वर्ग सुटल्यावर थांबवले, दोनतीनदा विचारले, आणि तिसऱ्या वेळी तिने सांगितले. तिच्या वडिलांची नोकरी गेली होती आणि घरी कोणाला माहीत नव्हते. ते रोज सकाळी डबा घेऊन निघत आणि बस स्थानकाच्या मागे बाकावर बसून राहत. तिने एकदा शाळेच्या सहलीच्या बसमधून त्यांना पाहिले. त्यांनीही तिला पाहिले. घरी आल्यावर दोघेही एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून रोज संध्याकाळी आई विचारी, "आज काम फार होते का हो?" ते म्हणत, "होते," आणि ही मुलगी ताटाकडे पाहत बसे.

"बाई, कोणाला सांगू नका," ती म्हणाली. मी म्हटले, "नाही सांगणार."

चार दिवसांनी मी तिच्या आईला सांगितले. सिनागॉगमधून परतताना, रस्त्यात. मला वाटले, पोरीच्या डोक्यावर एवढे ओझे का? आई आपलीच, वडील आपले ओळखीचे, परका कोण आहे? मी काही चुगली करत नव्हते. मी काळजी करत होते.

आपल्या भाषेत षट्कर्णी होणे असा शब्द आहे. दोघांत असते तोवर गोष्ट चार कानांत असते, तिसरा आला की सहा कान होतात आणि मग मोजदाद उरत नाही. त्या आठवड्यातच सारे कळले. घरात रडारड झाली. त्यानंतर मात्र समाजाने जे केले ते पाहून कोणालाही अभिमान वाटावा. मंडळींनी गुपचूप वर्गणी काढली, दुकानदाराने उधारी वाढवली, आणि दोन महिन्यांच्या आत एका गृहस्थांच्या शब्दावर वडिलांना नगरपालिकेत काम मिळाले. तेथूनच ते निवृत्त झाले.

आणि ती मुलगी माझ्याशी पुन्हा बोलली नाही. उद्धटपणाने नव्हे. विचारले तर उत्तर देई, वही वेळेवर देई. फक्त मधल्या रांगेतून उठून मागे जाऊन बसली.

पुष्कळ वर्षे मी स्वतःशी म्हणत असे की परिणाम तर चांगला झाला, मग चूक कसली? तुम्हीही हेच म्हणाल. घर वाचले, माणूस बाकावरून उठला, पोर थोडी रुसली. परंतु हिशोब असा मांडता येत नाही, कारण जमा एकाच्या खात्यावर आहे आणि खर्च दुसऱ्याच्या. चांगले झाले ते बापाचे. किंमत भरली मुलीने, आणि ती भरशील का, असे तिला कोणी विचारले नाही. वडिलांनी तिला एका शब्दानेही दोष दिला नाही, हे तिने आता फोनवर सांगितले. "पण त्यांना माहीत होते, बाई. बसमधून मीच पाहिले होते ना." दहावीत असताना तिच्यावर याहून मोठे संकट आले होते, तेही तिने त्याच फोनवर सांगितले. ते येथे लिहिण्याचा मला अधिकार नाही. तेव्हा शाळेत समुपदेशिका होती, खोली होती, दारावर पाटी होती. ती गेली नाही. सांगितले की काय होते ते तिला ठाऊक होते.

म्हणजे मी केवळ एक गुपित फोडले नव्हते, तिच्यापुरते ते दारच बंद केले होते. ते मला चाळीस वर्षांनी कळले.

मी काही वर्षे वरच्या वर्गांना तोंडी धर्मशास्त्र शिकवत असे. त्यात बावा मेत्सियामध्ये राखणदाराचे नियम येतात. एकाने दुसऱ्याकडे वस्तू ठेवायला दिली आणि त्याने ती मालकाला न विचारता तिसऱ्याकडे सोपवली, तर दोष कोणाचा? तिसरा माणूस लबाड आहे असे नव्हे, कदाचित तो पहिल्याहून चोखही असेल. तरी रावा म्हणतो की पहिलाच जबाबदार, कारण मालक म्हणू शकतो, माझा भरवसा तुझ्यावर होता, त्याच्यावर नव्हे. मुले या ठिकाणी नेहमी हात वर करीत. दुसरा अधिक चांगला सांभाळणारा असला तरीही का? मी उत्तर देत असे, हो, तरीही. आणि हे सांगताना मला ती मागची रांग दिसे.

याच चर्चेत आणखी एक बारीक गोष्ट आहे. राखणदाराने वस्तू आपल्या बायकोकडे किंवा मोठ्या मुलांकडे दिली तर चालते, कारण ठेवणाऱ्याला ठाऊकच असते की घरात वस्तू घरच्यांच्या हाती जाणार. मला वाटते, शाळेलाही हे लागू आहे. शिक्षिकेला सांगितलेले समुपदेशिकेपर्यंत, प्रसंगी मुख्याध्यापिकेपर्यंत जाणार, हे मुलाला आधीपासून ठाऊक असेल तर त्यात विश्वासघात नाही. पण ठाऊक असेल तर! आम्ही कधी ते सांगितलेच नाही. शिक्षकांच्या खोलीत कॉफीबरोबर मुलांच्या घरच्या गोष्टी निघत, आणि आम्ही सर्व शपथेवर सांगू की ती काळजीच होती.

आता दुसरी चूक. ही सांगताना हात जड होतो.

वर्ष नव्वदीच्या दशकातील. मुलगा सातवीतील. तो आपल्या समाजातला होता की नव्हता हे मी सांगणार नाही, कारण ते कळले की लोक अंदाज बांधू लागतात. तो मला म्हणाला, "मोरा, आधी वचन द्या." मी दिले. १९८४ चा धडा मी पाठ केला होता ना! मग त्याने सांगितले की घरी पट्ट्याने मार बसतो. मी त्याला जवळ बसवले, पाणी दिले, रोज ये म्हटले, आणि वचन पाळले. नऊ दिवस पाळले. दहाव्या दिवशी शाळेची परिचारिका लस टोचायला आली आणि तिने बाही वर केली. त्या नऊ दिवसांत त्याला आणखी दोनदा मार बसला होता.

१९८९ साली क्नेसेटने दंडविधानात दुरुस्ती करून ठेवली होती. अज्ञान मुलावर त्याची जबाबदारी असलेलाच माणूस अत्याचार करीत आहे असे मानायला कारण असेल, तर ते कल्याण अधिकाऱ्याला किंवा पोलिसांना कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. शिक्षक, डॉक्टर, समाजसेवक अशांनी ते न केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मला कायदा माहीत होता. परिपत्रकावर माझी सही होती. माझ्यावर खटला झाला नाही. मुख्याध्यापिकेने दार लावून घेतले आणि जे बोलायचे ते बोलल्या. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ज्याला माझ्याजवळ आजही उत्तर नाही. "तू वचन कोणासाठी पाळलेस, त्याच्यासाठी की स्वतःसाठी?"

माझी चूक नवव्या दिवसाची नव्हती, पहिल्या मिनिटाची होती. मी ऐकण्यापूर्वीच वचन दिले. जी वस्तू पाहिली नाही तिची राखण पत्करली. शिक्षकाला, समुपदेशिकेला, कोणालाही 'मी कोणाला सांगणार नाही' असे म्हणण्याचा हक्कच नाही, कारण आत काय निघेल ते माहीत नसते. मग काय म्हणावे? पुढे मी असे म्हणत असे: "तुला आधी सांगितल्याशिवाय मी कोणाला काही सांगणार नाही. तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावेच लागेल, पण तेव्हाही काय सांगणार, कोणाला सांगणार, हे तुला आधी कळेल, आणि तू म्हणशील तर तू माझ्याबरोबर असशील." हे ऐकून काही मुले गप्प झाली आणि निघून गेली. त्याचे दुःख होई. बहुतेक मात्र थोडा विचार करून बोलत. मुलाला अटी कळल्या की तो आपले आपण ठरवतो की किती सांगावे. बारा वर्षांच्या मुलाला एवढे ठरवता येत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी बारा वर्षांचे मूल आईबापांपासून काय काय लपवते याचा विचार करावा.

२००० सालच्या विद्यार्थी हक्क कायद्याने मारणे व मानहानी करणे तर बंद केलेच, शिवाय त्या कायद्यानुसार काम करताना विद्यार्थ्याबद्दल जी माहिती मिळेल ती गुप्त राखण्याचे बंधनही घातले. पुढे 'ओफेक हदाश' सुधारणा आली तेव्हा प्राथमिक शिक्षकाच्या आठवड्याच्या ३६ तासांपैकी ५ तास मुलांशी एकेकट्याने किंवा लहान गटात बसण्यासाठी राखले गेले. चांगलीच गोष्ट आहे. त्या तासांत बहुधा गणितच होते, हे मी आतून पाहिले आहे, पण दार तरी आहे.

यानुश कोर्चाक यांचे नाव येथील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. याद वाशेम येथील त्यांचे शिल्प आपण पाहिले असेल, मुलांना कवेत घेतलेले. वॉर्सामध्ये १९१२ साली उघडलेल्या त्यांच्या अनाथाश्रमाविषयी मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात प्रथम वाचले. तेथे एक पत्रपेटी होती. तोंडाने सांगवत नसेल ते मुलाने लिहून टाकावे. आणि तेथे मुलांचे न्यायालय होते, न्यायाधीश मुलेच. त्यात मोठ्यांवरही फिर्याद करता येई. खुद्द कोर्चाक सहा महिन्यांत पाच वेळा आरोपी म्हणून उभे राहिले, एकदा एका मुलाच्या कानशिलात मारल्याबद्दल. (सहज आठवले म्हणून सांगते, १९४२ च्या जुलैत घेट्टोत त्यांनी मुलांकडून आपल्या टागोरांचे 'डाकघर' करवून घेतले होते. पुढल्याच महिन्यात मुलांसह ते त्रेब्लिंकाला नेले गेले.) त्या न्यायालयाची गोष्ट वाचताना माझ्या मनात आले की माझ्या वर्गात असे न्यायालय असते तर ती मुलगी काय करती? तिने फिर्याद केली असती, मी उभी राहिले असते, बोलले असते, चूक कबूल केली असती, आणि कदाचित ती पुढच्या रांगेत परत आली असती. शाळेत मुलाने शिक्षकाचा विश्वास मोडला तर शिक्षेची सोय असते. उलट झाले तर मुलाने जायचे कोठे?

माझ्या मुलीची बाजूही मला मांडली पाहिजे, नाहीतर ती म्हणेल आईने कागदावरही मास्तरकीच केली. समुपदेशिकेच्या वाट्याला शेकडो मुले असतात. ती दुपारी घरी जाते. रात्री दोन वाजता मूल ओरडत उठते तेव्हा शेजारी आई असते. पूर्ण गोष्ट माहीत नसताना आईने त्याला काय सांगून निजवावे? गुप्ततेच्या नावाखाली शाळा आईबापांना परके करू लागली तर तेही काळजीचेच लक्षण नव्हे का? आपल्या वडिलांच्या पिढीला शाळेत तोंड उघडता येत नव्हते, भाषा नव्हती. आता भाषा आली तर दार बंद! हा राग मला समजतो. पण मी एक पाहिले आहे. वर्गाच्या पालकांचा जो व्हॉट्सअ‍ॅप गट असतो, त्यात मागल्या वर्षी एका आईने अत्यंत प्रेमाने लिहिले की अमुक मुलगा अजून अंथरूण ओले करतो, तर सहलीला सर्वांनी त्याला समजून घ्यावे. ती त्याचीच आई होती. सदतीस घरांत ते वाचले गेले. तो मुलगा सहलीला गेला नाही. मी हे मुलीला दाखवले तेव्हा ती काही बोलली नाही, फोन उलटा करून ठेवला.

पंधरा दिवसांनी समुपदेशिकेचा फोन आला. तिने मुलाला विचारले होते. तुझी आई काळजीत आहे, मी तिला काय सांगू? तो म्हणे बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसला. मग म्हणाला, तीन गोष्टी आहेत, दोन सांगा. पहिली, त्याला रात्री भीती वाटते ती स्वतःची नाही, राखीव सैन्यात बोलावलेल्या बापाची. दुसरी, घरी बातम्या लागल्या की आई त्याच्याकडे वळून पाहते, ते त्याला आवडत नाही. मुलगी हे मला सांगताना रडली, आणि त्या रात्रीपासून त्यांच्या घरी बातम्या मूल निजल्यावर लागतात.

तिसरी कोणती, हे तिला अजून कळलेले नाही. परवा मी त्याला शाळेतून आणायला गेले होते. वाटेत त्याने मला विचारले, "साव्ता, तुला विचारायचे आहे का?" मी म्हटले, "तुला सांगायचे आहे का?" तो म्हणाला, "आज नाही," आणि आम्ही आइस्क्रीम घेतले.